जुना व्रण आणि पोटाची कातडी

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जातांना वाटेंत बिडकीन लागतें. तेथील एखादी गृहिणी दोनतीन बाळंतपणांनंतर लोंबणारें पोट नीट करवून घेण्यास निघाली, तर जाणता शल्यवैद्य चरबीच्या आधीं तिच्या पोटावरील जुना व्रण पाहतो. ही श्रीमंतांची हौस म्हणून हंसणाऱ्यांनीं लोंबत्या घडीखालीं उन्हाळ्यांत चिघळणारी कातडी एकदां पाहावी.

या शस्त्रक्रियेंत बेंबीखालची सैल कातडी चरबीसह काढून टाकतात आणि वरची कातडी स्नायूंपासून सुटी करून, खालीं ओढून शिवतात. सुटी करतांना मधल्या रक्तवाहिन्या तुटतात. मग त्या कातडीचें जीवन उरतें तें दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर. मूळ शाबूत असेल तरच कातडी जगते, हें पुण्याकडील कारागिरांस फार पूर्वीं ठाऊक होतें. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नें १७९४ सालीं तें वृत्त छापलें. भुवयांमधली कातडीची पट्टी तेवढी त्यानें तोडली नव्हती. सारें यश त्या पट्टीचें!

प्रसूतीच्या शस्त्रक्रियेचा ओटीपोटावरील आडवा व्रण काढावयाच्या कातडीबरोबरच बहुधा निघून जातो. त्याची धास्ती नको. उभ्या व्रणाखालीं हर्निया दडलेला असूं शकतो. तो आधीं न शोधल्यास आंतड्यास इजा व्हावयाची. खरा घातक तो पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा, उजव्या बरगडीखालचा लांब तिरपा व्रण. कुशीकडून येणारें रक्त तो वाटेंतच अडवितो आणि त्याच्या खालची कातडी काळी पडून मरूं शकते. अशा वेळीं कुशल वैद्य कातडी मध्यभागीं अरुंद पट्ट्यापुरतीच सुटी करतो, कमी कापतो, ताण बेताचा ठेवतो. प्रसंगीं सरळ नकारही देतो. तो नकार ऐकणें जड जातें खरें, पण मेलेल्या कातडीची जखम भरण्यास महिने लागतात.

धूम्रपान निदान चार आठवडे आधीं थांबवावें लागतें, कारण तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मिसरी लावणाऱ्या स्त्रिया स्वतःस यांत धरीत नाहींत. त्यांनींही ती सोडली पाहिजे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत हवी. आणि पूर्वींच्या शस्त्रक्रियेचे कागद ट्रंकेंत कोठें असतील, तर ते शोधून वैद्यापुढें ठेवावेत. आंत काय शिवलें, जाळी बसविली काय, हें वरच्या व्रणावरून कळत नाहीं.