माझ्या कवितेतला ‘तो’ परत करा



माझं नाव जाहीर झाल्यापासून जिल्ह्यात काय काय बोललं गेलं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मुकुंदराज-दासोपंतांच्या अंबाजोगाईत समलिंगी माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून चालतो का, असं विचारणारी निनावी पत्रकं वाटली गेली. ती कुणी लिहिली हे मी वाक्यांच्या ठेवणीवरूनच ओळखलं. समोर बसून सही न करता लिहिणाऱ्याचं नाव घेऊन मी हे व्यासपीठ विटाळणार नाही. ज्यांनी मला मत दिलं आणि त्यापायी घरीदारी ऐकून घेतलं, त्यांचा मी जन्मभराचा ऋणी आहे.

अध्यक्षपद एकदाच मिळतं. ग्रंथालयांचं अनुदान आणि मराठी शाळा हे विषय ठरावांत आलेलेच आहेत. म्हणून मी संमेलनाच्या 1998 सालच्या स्मरणिकेवर बोलणार आहे.

त्या स्मरणिकेत माझी कविता आहे. मी एका पुरुषावर लिहिली होती. तो माजलगावकडच्या जिनिंगमध्ये काम करायचा आणि संध्याकाळी भेटायला यायचा तेव्हा त्याच्या मिशीला रुई चिकटलेली असायची. छापून आलं तेव्हा ‘तो’ची ‘ती’ झालेली होती. सगळी क्रियापदं बदललेली. मिशीच्या जागी केसांची बट आली, त्याच्या पाठीवरची गाठ उडवली आणि तिथे वेणीतली शेवंती खोवली. मला विचारलं नाही, कळवलंही नाही. वर ‘किती हळुवार प्रेमकविता’ म्हणून ती छापणाऱ्यांनीच माझी पाठ थोपटली. त्या दिवसापासून मी या संपादनाला चोरी म्हणतो आणि आजही म्हणतो.

ज्ञानोबांनी विराण्या लिहिल्या, बाई होऊन लिहिल्या. एकनाथांच्या गौळणी आपल्या सप्ताहांत पुरुष खुल्या गळ्यानं गातात आणि अख्खा गाव डोलतो. पोतराज घागरा घालून दारात येतो तेव्हा आपल्या आया सुपात धान्य घेऊन बाहेर येतात. देवाला पुरुषानं प्रियकर म्हटलं तर भक्ती, आणि जिनिंगमधल्या मजुराला म्हटलं तर खाडाखोड! हा न्याय मला मान्य नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आणली होती. सतरा वर्षांनंतरही आमच्या संपादकांच्या हाताला मिशी हा शब्द छापवला नाही.

त्या माणसाचं पुढे काय झालं तेही ऐका. जिनिंग हंगामापुरती. घरची कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज. ऊसतोडीच्या मुकादमाकडे गेला तर उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या होत्या, म्हणून दसऱ्याच्या आत त्याचं लग्न लावलं. मुलगी शाळेतून काढलेली. त्यानं तिला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या दोघांनाही एका उचलीपायी बांधलं. बालविवाहावर परिसंवाद भरवता ना, मग हेही त्यात घ्या: ज्या जिल्ह्यात जोडी असल्याशिवाय पुरती मजुरी मिळत नाही, तिथे माझ्यासारख्यांना ‘नाही’ म्हणायची सोय कुठली?

आता राजकारण. 30 ऑक्टोबर 2023ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरं पेटली. पुढच्या वर्षी बीड लोकसभेचा निकाल 6,553 मतांनी लागला आणि माणसं जात बघून किराणा भरू लागली. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि उरलीसुरली बोलाचालीही आटली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं उतरवली. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण बाबासाहेबांनी 1916 सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितलंय की जात तगते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. इथे सगळ्या पक्षांचे नेते वधू-वर मेळाव्यांना हजेरी लावतात. मराठा आणि ओबीसी, दोन्हीकडच्या मोर्चांत आमच्यासारखी पोरं घसा फोडून घोषणा देतात. तिथे ती समाजाची लेकरं. घरी येऊन लग्नाला नाही म्हणाली की समाजाला डाग! सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023ला आमच्या लग्नांना मान्यता नाकारली, त्यावर या जिल्ह्यातल्या एकाही पुढाऱ्यानं माझ्या ऐकण्यात चकार शब्द काढला नाही.

आडनाव काढायला हुकूम पुरला. याच पोलीस दलातल्या, माजलगाव तालुक्यातल्या राजेगावच्या ललित साळवे यांना स्वतःचं पहिलं नाव मिळवायला काय करावं लागलं? महिला शिपाई म्हणून भरती झालेले. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली. उच्च न्यायालयानं न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. 2018च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला आम्हाला गुन्हेगार ठरवणारं कलम 377 मानेवरून उतरलं. त्या वर्षी पत्रकार राजेगावात येऊन गेले. आपल्यापैकी कुणी ललित साळवे यांना भाषण करायला बोलावलं? जळगाव जिल्ह्यात तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, महिला म्हणून लढल्या आणि 2021 साली निवडून आल्या. गावानं मत दिलं. साहित्यिकांनी अजून सतरंजीवर जागा दिलेली नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं मी ठराव मांडतो. 1998ची ती कविता येत्या स्मरणिकेत मूळ हस्तलिखिताबरहुकूम छापावी, मिशीसकट, आणि आधी केलेले सगळे बदल खाली नोंदवावेत. कवीच्या लेखी संमतीवाचून यापुढे कुणाच्याही कवितेतला माणूस बदलू नये. सूचक मी आहे. अनुमोदकानं उभं राहून नाव सांगावं. हस्तलिखित मी सोबत आणलंय; कार्यवाहांनी ते इथेच ताब्यात घ्यावं आणि मला सही-शिक्क्याची पोच द्यावी.