झुडपाभोवतीचा हाका

(गोंदिया येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दहावी-बारावीच्या मार्गदर्शकांत इंग्रजी वाक्प्रचारांची यादी असते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. मुलं ती परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. यात मुलांच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. वाक्प्रचार ज्या कामातून जन्मला ते काम दाखवायचंच नाही आणि नुसता अर्थ हातावर ठेवायचा, तर तो टिकणार कसा?

आपला जिल्हा धानाचा. मुसळधार पाऊस म्हणताना आभाळातून मुसळं पडताहेत असं कुणाच्या मनात येत नाही. उखळात धान कांडणाऱ्या घरांतून तो शब्द आला. पुढे राईस मिल आल्या, मुसळ माळ्यावर गेलं, शब्द राहिला. मग इंग्रजी पावसात कुत्री-मांजरं पडतात याचं नवल आपल्या मुलाला वाटू नये. वाक्प्रचार म्हणजे काय हे त्याला शाळेत येण्याआधीपासून ठाऊक असतं. फक्त ते ठाऊक असल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

'बीट अराउंड द बुश' घ्या. यादीत अर्थ असतो, मुद्द्याचं न बोलणे. पण नागझिरा-नवेगावच्या आसपासच्या गावांत म्हाताऱ्यांना विचारा, हाका म्हणजे काय. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं. त्याआधीच्या शिकारीच्या गोष्टी गावांनी ऐकलेल्या आहेत. माणसं काठ्यांनी झुडपं झोडपत, आरडाओरडा करत जनावर उठवायची आणि शिकारी पुढे दबा धरून बसायचा. इंग्लंडात जुन्या काळी पक्ष्यांच्या शिकारीत हेच चाले. आता नुसताच झुडपाभोवती हाका घालत राहणारा, शिकारीपर्यंत कधी न पोचणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. हे चित्र एकदा दिसलं की अर्थ पाठ करावा लागत नाही.

समुद्राचे वाक्प्रचार मात्र आपल्याला जड जातात, आणि इंग्रजीत ते फार. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे. वारा अचानक समोरून शिडावर आदळला की शीड उलटं डोलकाठीला चिकटतं आणि जहाज जागीच थबकतं. नवेगावबांधच्या डोंग्यात बसलेल्या मुलालाही हे सांगावंच लागेल, आणि शिक्षकाने फळ्यावर चित्र काढून सांगावं.

काही वाक्प्रचार तर आपल्याच घरात येऊन राहिले आहेत. 'सावर ग्रेप्स' कळायला कोश कशाला? कोल्ह्याला द्राक्षे आंबट! बापू छत्रे यांनी 1828 मध्ये इसापनीती मराठीत आणली, आणि ती द्राक्षे आपण कधीच आपली करून टाकली.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आजोबांच्या निधनाचं पत्र लिहिताना एखादं मूल 'किक द बकेट' लिहून जातं. यादीत त्यापुढे 'मरण पावणे' एवढंच छापलेलं असतं, मग त्याने काय करावं? हेच मूल मराठीत 'आजोबा वारले' म्हणतं. 'गचकले' म्हणायला त्याची जीभ रेटणार नाही. अर्थ दोन्हींचा एक, पण कोण, कुणाबद्दल, कुणासमोर बोलतो आहे यावर शब्द ठरतो. इंग्रजीतही आजोबांसाठी 'पास अवे' आहे. यादीत हे सांगणारा तिसरा रकाना नसणं हा मुलांवर अन्याय आहे.

1 मे 1999 रोजी आपला जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. सालेकसा-देवरीकडच्या मुलाच्या घरी गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. इंग्रजी त्याची चौथी भाषा. कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या झाडीबोली. शिक्षकांना माझी विनंती आहे: इंग्रजी वाक्प्रचार सांगितला की विचारा, 'तुमच्या घरी हे कसं म्हणतात?' दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश इंग्रजी कोशाशेजारी ठेवा. मुलांनी घरून आणलेली उत्तरं एका वहीत उतरवून घ्या, आणि पुढच्या वर्गाला मार्गदर्शकाऐवजी ती वही द्या.