दहाचा ठोका आणि तिकिटांची रांग

सकाळचे दहा वाजले की हुबळी-धारवाडच्या कितीतरी घरांत एकाच क्षणी एकच उद्योग सुरू होतो. कोणाला पुण्यास मुलीच्या बाळंतपणासाठी जावयाचे असते. कोणाला मुंबईच्या रुग्णालयाने दिलेली वेळ गाठावयाची असते. दुसऱ्या दिवशी सुटणाऱ्या गाडीच्या वातानुकूलित डब्यांची तत्काळ तिकिटे दहा वाजता खुली होतात, साध्या शयनयानाची अकरा वाजता. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटे चक्र फिरू लागते आणि फिरतच राहते. अखेरीस पान उघडते, तेव्हा प्रवाशाचे नाव प्रतीक्षायादीत गेलेले असते. मग घरोघर एकच निदान होते: ‘यंत्र मंद आहे, मोठे यंत्र आणावयास हवे.’ हे निदान कधी खरे असते, कधी साफ चुकीचे असते. ते खरे की खोटे हे ठरविणारे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे मोजमाप.

हुबळीला हा विषय परका नाही. १ एप्रिल २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय या शहरात आहे, आणि १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालेला येथील १,५०७ मीटरांचा फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून नावाजला गेला. परंतु फलाट कितीही लांब असला, तरी बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल तर गर्दी त्या वाटेपाशीच तुंबणार. तिकीट देणाऱ्या यंत्रणेचीही गोष्ट हीच आहे.

संगणकावर आरक्षण देण्याचा प्रयोग रेल्वेने १९८५ साली नवी दिल्लीत सुरू केला. घरबसल्या तिकीट देणारी वेबसाइट ऑगस्ट २००२ मध्ये आली. २०१४ साली तिची नवी यंत्रणा उभारली गेली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची जुनी क्षमता ७,२०० वर नेण्यात आली. २२ मे २०२५ रोजी तर एका मिनिटात ३१,८१४ तिकिटांचा उच्चांक नोंदला गेला. क्षमता इतकी वाढूनही दहाच्या ठोक्याचे गाऱ्हाणे संपले नाही. असे का व्हावे?

याचे पहिले उत्तर वेबसाइटच्या जन्मापूर्वीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या तारांवर होणाऱ्या गर्दीचे गणित मांडले. त्यातूनच पुढे रांगांचे शास्त्र वाढले. या शास्त्राचा एक निष्कर्ष सामान्य माणसाला चकित करणारा आहे. एका खिडकीवर प्रत्येकाच्या कामास सरासरी दोन मिनिटे लागतात, माणसे वाटेल तेव्हा येतात आणि कामेही लहानमोठी असतात, असे समजू. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याचे सरासरी चार मिनिटांत आटोपते. ती शेकडा ८० कामात असेल तर दहा मिनिटे लागतात, शेकडा ९० असेल तर वीस, आणि ९५ असेल तर चाळीस. काम दुप्पटही झाले नाही, पण लागणारा वेळ दसपट! म्हणून कालपर्यंत सुरळीत चाललेली यंत्रणा थोड्याशा अधिक गर्दीने एकाएकी कोलमडल्यासारखी वाटते. त्यातच अधीर झालेला प्रवासी तेच बटन पुन्हापुन्हा दाबतो, आणि एका माणसाची रांगेत तीन माणसे होतात.

दुसरी गोष्ट सरासरीच्या फसवेगिरीची. शंभरांपैकी पंचाण्णव जणांना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि पाच जणांना चाळीस सेकंद लागले, तर सरासरी तीन सेकंदांच्याही आत येते. अहवाल लिहिणारा समाधानाने कागद मिटतो. परंतु ज्या पाच जणांचे तिकीट गेले, त्यांच्या दृष्टीने यंत्रणा बंदच होती. म्हणून जाणते अभियंते सरासरीवर विसंबत नाहीत. शंभरांतील पंचाण्णवाव्या आणि नव्व्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला, हे ते विचारतात.

नवी यंत्रणा लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिची कसोटी घेतात. हजारो कृत्रिम ग्राहक निर्माण करून त्यांच्याकरवी तिकिटे मागवितात. या कसोटीतही खाचखळगे आहेत. पुष्कळदा कृत्रिम ग्राहक फार सभ्य असतो: पहिले उत्तर मिळाल्यावाचून तो दुसरी मागणी करीत नाही. यंत्रणा अडखळली की तोही थांबतो, आणि तुंबलेली रांग मोजमापात दिसतच नाही. दहाच्या ठोक्याची खरी माणसे अशी एकमेकांसाठी थांबत नाहीत. कसोटीत एकच गाडी आणि एकच तारीख पुन्हापुन्हा विचारली, तर यंत्र आठवणीतले उत्तर झटकन देते, आणि त्या वेगाला क्षमता समजण्याची चूक होते. ज्या कसोटीत खऱ्या दिवसाची गर्दी, खऱ्या नोंदींचा साठा आणि खरा उतावीळपणा नाही, तिचा आकडा शोभेचाच म्हणावा लागेल.

गर्दी झाल्यावर दोष शोधावयाचा कसा? मागणीचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहावा लागतो. ती मोबाइलवरून निघते, दूरसंचाराच्या जाळ्यातून सर्व्हरवर जाते, तेथून आसनांच्या नोंदवहीकडे म्हणजे डेटाबेसकडे, आणि शेवटी पैशांसाठी बँकेकडे. प्रत्येक टप्प्यावर किती वेळ गेला, याची नोंद हवी. समजा, एकूण दहा सेकंदांपैकी आठ नोंदवहीपाशी जात आहेत. एकच आसन दोघांना विकता येत नाही, म्हणून एकाची नोंद होईपर्यंत दुसऱ्याला तेथे थांबविणे भागच असते. अशा वेळी सर्व्हर दुप्पट केले, तर फार तर उरलेल्या दोन सेकंदांत काटकसर होईल. उलट त्या अरुंद दारावर अधिक लोक लोटले जातील. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने याच विचाराला नियमाचे रूप दिले. कामाचा दहावा हिस्सा एकापाठोपाठ एक असाच करावा लागत असेल, तर कितीही यंत्रे जोडा, वेग दसपटीपलीकडे जाणार नाही.

आणि सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा. दोन औषधे एकदम देणाऱ्या वैद्याला गुण कोणत्या मात्रेने आला हे सांगता येत नाही, येथेही तसेच. आधी मोजावे, एक बदल करावा, पुन्हा त्याच मापाने मोजावे. गुण आला नाही, तर तो बदल मागे घेण्याचे धैर्यही हवे.

मोजमापाने कधीकधी अनपेक्षित सत्य बाहेर येते. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाचे जे प्रयत्न होतात, त्यांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रणालींचे असतात, असे रेल्वेने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच सुमारास अडीच कोटी खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधार-पडताळणी आवश्यक ठरली, आणि पहिली तीस मिनिटे अधिकृत दलालांना मनाई झाली. गर्दीतला एवढा वाटा खोटा असताना केवळ मोठे यंत्र आणले असते, तर ते त्या खोट्या ग्राहकांचीच अधिक तत्परतेने सेवा करीत राहिले असते.

मात्र एक गोष्ट कोणत्याही यंत्राने साधणार नाही. वेग वाढल्याने गाडीत एकही शयनासन वाढत नाही. पन्नास आसनांसाठी पाच हजार माणसे उभी असतील, तर उत्तम यंत्रणाही बहुतेकांना क्षणार्धात नकारच देईल. मंदपणा आणि टंचाई ही दोन निराळी दुखणी आहेत, जरी प्रवाशाला पडद्यावर दोहोंचा चेहरा सारखाच दिसला तरी. पहिल्यावर उपाय अभियंत्याने करावयाचा, दुसऱ्यावर अधिक गाड्या आणि अधिक डबे हाच उपाय. दोहोंमधील भेद मोजमापावाचून कळत नाही.

चांगल्या यंत्रणेकडून अपेक्षा एवढीच, की तिने आलेल्याला त्याच्या क्रमाने आणि त्वरित खरे उत्तर द्यावे. कलघटगीच्या शेतकऱ्याचा जुना मोबाइल आणि पुण्याच्या कचेरीतील वेगवान संगणक यांना तिने एकाच रांगेत उभे करावे. नकार द्यावयाचाच असेल तर तो वेळेवर द्यावा, म्हणजे रुग्णाला घेऊन निघालेला माणूस निदान बसची वाट धरील. रांगेचे गणित हे अखेर न्यायाचेच गणित आहे.