आपल्या कामाची पुस्तकं
(छत्रपती संभाजीनगरच्या शिबिरात केलेलं बोलणं)



आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं. परीक्षेची पुस्तकं वाचली, पास झालो, विसरलो. पुस्तक आपल्या कामाचं असतं हे उशिरा कळलं. गावातल्या एका काकांना वनहक्क दाव्याचा कागद आला. सरकारी कागद म्हणून काकांनी तो पेटीत जपून ठेवला. आम्ही उघडला तेव्हा कळलं, पुराव्याअभावी दावा नामंजूर. जिल्हा समितीकडं दाद मागायची मुदत 60 दिवस, ती केव्हाच उलटून गेलेली. आम्ही शेजारच्याच घरात होतो, वाचता येत होतं, पण विचारलंच नाही.

म्हणून सगळ्यात आधी वनहक्क कायदा 2006 आणि त्याचे नियम वाचा. कंटाळा येतो, आम्हालाही आला. पण नियम 13 सभेत मोठ्यानं वाचा. पुरावा म्हणजे नुसती दंडाची पावती नव्हे. शेताचे बांध, राहतं घर, दफनभूमी हाही पुरावा. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, तोही पुरावा. हे वाचल्यावर एक आजी तडकली, "मग मला कुणी इचारलं का न्हाई?"

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही रात्री वाचलं, मधे कापूस वेचणीमुळं खंड पडला. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी 1945 साली वेठबिगारीविरुद्ध केलेला लढा त्यात आहे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही मालकाच्या दावणीला, त्याला लग्नगडी म्हणत. हे आलं तेव्हा कुणी बोलेना. उचल घेऊन जोडीनं ऊसतोडीला जाणारी घरं आपल्यातही आहेत ना! गोदावरीबाई बाहेरून आलेल्या, तरी बरोबरीनं राहून लिहिलं. आपल्या भागातल्या आपल्याच माणसानं लिहिलेलं असं पुस्तक अजून आमच्या हाती लागलेलं नाही, त्याची मात्र चुटपुट लागते.

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा. भाषा जुनी, अडखळायला होतं. पण जंगल खात्यानं डोंगर आणि गायरानं घेतली, गुरं चारायची कुठं, हे त्यांनी तेव्हाच विचारलंय. तेवढा भाग तरी वाचा.

आणि मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोलीतल्या या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं अभ्यासगट आहेत, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो. आपल्याकडं सभेत दोघं बोलतात, बाकीचे मान डोलावतात.

पुस्तकं औरंगपुऱ्यातल्या दुकानांत विचारा. विकत घ्यायला नको असेल तर कायद्याची एक प्रत आमच्या पिशवीत आहे, आज ज्या गावाला हवी त्यांनी न्यावी, पुढच्या बैठकीला परत आणावी. पानं दुमडली तरी चालतील.

काकांचा अर्ज उशिराचं कारण लिहून आम्ही पाठवलाय. सोबत आजीचा चार पानी जबाब जोडलाय.