पन्नास हात दूर

(एलुल महिन्यात, शोफेतीम पाराशाच्या आठवड्यात, आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात महिला मंडळाच्या सभेत दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



मंडळाने मला ‘पर्यावरण आणि आरोग्य’ या विषयावर बोलावयास सांगितले, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी विदुषी नाही. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली, पंधरा वर्षे तेथील वॉर्डांत आणि त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे येथे नेगेवमधील एका रुग्णालयात दिवसपाळ्या व रात्रपाळ्या केल्या, एवढीच माझी पुंजी. पाणी जपून वापरा, झाडे लावा, हे आपली नातवंडे शाळेतून शिकून येतात आणि आपल्यालाच शिकवतात. म्हणून त्यावर मी बोलणार नाही. मला एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. कारखाने हवेत, वीज हवी, औषधे हवीत. मग त्यांतून निघणारी घाण कोणाच्या दारात ठेवायची, हे कोण ठरवते?

हा प्रश्न नवा नाही. मिश्नाच्या ‘बावा बात्रा’ या भागात, दुसऱ्या अध्यायात, आपल्या हाखामांनी त्याचा विचार केलेला आहे. मेलेली जनावरे, कबरी आणि कातडी कमावण्याचा कारखाना नगरापासून पन्नास ‘अम्मा’, म्हणजे पन्नास हात दूर असावा, असा तेथे नियम आहे. आजच्या मापाने हे अंतर सुमारे २५ मीटर होते. कातड्याच्या कारखान्याला आणखी एक अट आहे: तो नगराच्या पूर्वेसच असावा. या देशात वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. त्यामुळे पूर्वेची दुर्गंधी नगरावर येत नाही. रब्बी अकिवा यांचे मत थोडे निराळे होते. त्यांनी पश्चिम सोडून कोणतीही दिशा चालेल असे म्हटले. पण पन्नास हात मात्र त्यांनीही सोडले नाहीत.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हाखामांनी कारखाना बंद करा असे म्हटले नाही. चपलांना कातडे लागते, तेफिलीनच्या पट्ट्यांनाही लागते. त्यांनी एवढेच सांगितले की दूर जाण्याचे ओझे दुर्गंधी करणाऱ्यावर आहे, ती सोसणाऱ्यावर नाही. आणि बांधण्यापूर्वी वारा कोठून वाहतो ते पाहा. परंतु नगराच्या पूर्वेसही कोणी राहत असेल तर? तिकडे एखाद्याचा तंबू, एखाद्याची झोपडी असेल तर? आजच्या काळाचा प्रश्न तेथून सुरू होतो.

आपल्यापैकी पुष्कळांना १९८४ सालचा डिसेंबर आठवत असेल. मी तेव्हा मुंबईत होते, माझी दोन्ही मुले लहान होती. २ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळमध्ये कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाश नगर, काझी कॅम्प अशा गरिबांच्या वस्त्या होत्या. पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांत, जमिनीवर अंथरूण टाकून माणसे निजली होती. ज्यांच्याजवळ वाहन होते ते निघून गेले. जे पायी धावले त्यांना धाप लागली आणि तो विषारी वारा अधिकच छातीत भरला. तोंडावर ओले फडके धरले असते तर कित्येकांना थोडा तरी आधार मिळाला असता. पण शेजारी काय तयार होते आणि अपघात झाल्यास काय करावे, हे त्या वस्तीला कोणी सांगितलेच नव्हते. मध्य प्रदेश शासनाच्या आकड्याप्रमाणे ३,७८७ माणसे गेली. अन्य अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, परंतु कारखान्याच्या आवारातील विषारी कचरा तेथेच राहिला आणि आसपासचे भूजल दूषित झाले. अखेर २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला नेला, तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आमच्याच दारात का? चाळीस वर्षांनंतरही प्रश्न तोच होता.

भोपाळ दूर आहे, असे आपण म्हणू शकतो. म्हणून आता मी जवळचे बोलते.

बेर शेवाच्या दक्षिणेस सुमारे १२ किलोमीटरवर, १९७० च्या दशकात रामात होवाव उभे राहिले. आज त्याला नेओत होवाव म्हणतात. रसायने, कीटकनाशके, औषधे यांचे कारखाने तेथे आहेत आणि १९७९ पासून साऱ्या देशाचा घातक रासायनिक कचरा तेथे येतो. शहराच्या दृष्टीने ही जागा योग्यच वाटते: दूर, वाळवंटात, वस्तीबाहेर. माझे यजमान त्यांतील एका कारखान्यात वीस वर्षे नोकरीला होते. आपल्या समाजातील आणखीही किती घरांची चूल त्या पगारावर पेटली, हे येथे बसलेल्यांना माहीत आहे. मी त्या भाकरीला नावे ठेवायला उभी नाही. माझ्या मुलांची शिक्षणे त्याच भाकरीवर झाली.

पण ती जागा वस्तीबाहेर नव्हती. तिच्या अगदी शेजारी वादी अल-नआम हे बेदुईन गाव आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी, लष्करी अंमलाच्या काळात, ही कुटुंबे तेथे आणून बसवली गेली. म्हणजे माणसे आधी आली, कारखाने नंतर. आज त्या गावात दहा हजारांहून अधिक लोक राहतात. तरीही गावाला सरकारी मान्यता नाही. मान्यता नाही म्हणून विजेची जोडणी नाही, घरोघर नळ नाहीत, पक्के घर बांधण्याचा परवाना नाही. शेजारीच वीजकेंद्र आहे आणि उच्च दाबाच्या तारा त्यांच्या पत्र्याच्या घरांवरून जातात.

माझे यजमान संध्याकाळी अंघोळ करून, कपडे बदलून, कारखान्याच्या बसने घरी येत. कधी ते म्हणत, ‘आज वास फार होता.’ मी खिडकी लावून घेई. जे तेथेच निजत होते त्यांच्याबद्दल मी कधी विचारले नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. आज मी येथे उभी आहे ती मुख्यतः त्यासाठी.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस, एका हिवाळ्यात, मुलांच्या विभागात तीन वर्षांचा एक बेदुईन मुलगा दम्यासाठी दाखल झाला. तो त्या मोसमात तिसऱ्यांदा आला होता. प्रत्येक वेळी आम्ही त्याला बरे करून घरी पाठवत होतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो निळसर ओठांनी परत येत होता. घरी जाताना मी त्याच्या आईला नेब्युलायझर कसे लावायचे ते दाखवले: दिवसातून तीन वेळा, रात्री गरज पडली तर पुन्हा. ती मान हलवीत राहिली. तिला हिब्रू थोडे येत होते, मला अरबी त्याहून थोडे. तिसऱ्या वेळी मात्र माझा संयम सुटला. मी तिला म्हटले, ‘तुम्ही सांगितलेले करत नाही.’ आणि कागदावर तसेच लिहिले: आई सूचना पाळत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काम करणारी एक अरबी भाषिक सहकारी तिच्याशी बोलली. मग ती माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाली, ‘सिस्टर, यांच्याकडे वीज नाही. शेजाऱ्याचा जनरेटर संध्याकाळी तीन तास चालतो. मध्यरात्री मुलाचा श्वास अडकला की ती यंत्र मांडीवर घेऊन बसते.’

ती आई वादी अल-नआमची होती. तीस वर्षांच्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मला, घरी वीज आहे का, एवढा साधा प्रश्न सुचला नव्हता. मी ती ओळ खोडली, पण ते कुटुंब परत आले तेव्हा माझी पाळी नव्हती. तिची क्षमा मागायची राहून गेली.

त्या मुलाचा दमा कारखान्यामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. चुलीचा धूर, धूळ, थंडी, रक्तातील वारसा, अशी अनेक कारणे असतात. २००६ साली बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या औद्योगिक परिसरापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बेदुईन कुटुंबांत गंभीर जन्मदोष असलेल्या बाळांचे प्रमाण दूर राहणाऱ्या बेदुईनांपेक्षा अधिक आढळले. ज्यू कुटुंबांत तसा फरक आढळला नाही. अशा अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, हेही खरे. परंतु परिचारिका म्हणून मला एवढे ठाऊक आहे की एकच वारा दोन घरांवरून गेला, तरी दोन्ही घरांना सारखा लागत नाही. एका घराला भिंत आहे, खिडकी आहे, वीज आहे, दहा मिनिटांवर दवाखाना आहे. दुसऱ्याला यांतले काहीच नाही. विष तेवढेच, सोसण्याचे बळ मात्र निरनिराळे. पर्यावरणीय न्याय या जड शब्दाचा अर्थ मला तरी एवढाच समजला आहे.

कोणी म्हणेल, ‘बाई, आपले दुःख थोडे आहे का?’ थोडे नाही. आपली वडील माणसे येथे आली तेव्हा त्यांनाही मध्य भागात घरे मिळाली नाहीत; पुष्कळांना नेगेवच्या धुळीत, कामचलाऊ निवाऱ्यांत उतरवले गेले. आपले यहुदीपण खरे की खोटे याची चौकशी झाली, आणि १९६४ साली आपल्या लोकांना जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसावे लागले, तेव्हा कुठे आपण सर्व बाबतीत समान आहोत असे जाहीर झाले. कागदावर नाव नसले की माणूस डोळ्यांना दिसेनासा होतो, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच हे ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त आहे.

या आठवड्याच्या पाराशाच्या शेवटी एक विधी आहे. रानात एक प्रेत सापडते. मारणारा कोण ते कळत नाही. तेव्हा वडील मंडळी बाहेर पडतात आणि आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजतात. जे नगर सर्वांत जवळ, त्याचे वडील एका ओहोळात कालवडीचा विधी करतात, हात धुतात आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही असे सांगतात. मिश्ना विचारते: वडील मंडळी खुनी आहेत अशी कोणाला शंका होती का? नव्हती. त्यांना एवढेच सांगायचे असते की तो माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला अन्नावाचून घालवले असे झाले नाही; तो आम्हाला दिसला आणि आम्ही त्याला एकटे सोडले असेही झाले नाही. म्हणजे जवळ असणे हेच उत्तर देण्याचे कारण आहे. दोष कोणाचा हे सिद्ध होईपर्यंत तोरा थांबत नाही. ती आधी अंतर मोजायला सांगते.

बारा किलोमीटर. मी मोजले आहे.

मोठ्या गोष्टी मी मागत नाही. येथे दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत, वृद्धांच्या सेवेत काम करणाऱ्या आपल्या मुली-सुना पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती: औषध समजावण्याआधी विचारा, घरी वीज आहे का, फ्रीज आहे का, पाणी कोठून आणता. जे कारखान्यांत आहेत त्यांनी सुरक्षेच्या बैठकीत विचारावे की भोंगा वाजला तर कुंपणापलीकडच्या लोकांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार. आणि आपल्या परिसरातून एखादा कचरा किंवा कारखाना हलवावा असा अर्ज सह्यांसाठी आला, तर सही जरूर करा. पण तो कोठे नेणार आणि तेथे कोण राहते, हे आधी विचारा.

एलुल महिना आहे. देवाविरुद्धच्या अपराधांची क्षमा योम किप्पूरला मिळते. माणसाविरुद्धच्या अपराधाची त्या माणसाकडेच मागावी लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ती आई आता सापडणार नाही. तो मुलगा आज तिशीत असेल. असावा, अशी माझी प्रार्थना आहे. तिच्याजवळ बोलायचे राहिले ते आज आपल्यासमोर बोलले.

परमेश्वर आपणां सर्वांना आणि आपल्या शेजाऱ्यांना निरोगी वर्ष देवो. शाना तोवा.