पडवीतलं कपाट: गटानं सुताराला काय सांगावं?



आपल्या कोकणात गटाचं काम बहुतेक पडवीतच चालतं. वजनकाटा, पिशव्या, कोकमाच्या बरण्या, गटाच्या वह्या, सगळं तिथंच. डोक्यावर छप्पर असतं, पण बाजू मोकळी, त्यामुळं पावसाची झड आत येतेच. घरातलं साधं कपाट तिथं ठेवलं, तर दारं फुगतात, पाय कुजतात, मालाला बुरशी येते. नुकसान गटाचं होतं. म्हणून पडवीसाठी कपाट करून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी येणारच. आलेलं पाणी लगेच निघून जाईल आणि लाकूड वाळेल, असं कपाट हवं.

लाकूड साग किंवा फणसाचं घ्या, पण मधल्या गर्द भागाचं. कडेच्या पांढरट भागाला कीड आणि वाळवी लवकर लागते. लाकूड चांगलं वाळलेलं हवं. प्लाय घेणार असाल तर त्यावर आय.एस. ७१० हा शिक्का बघा. तो मरीन प्लायचा.

पाय सहा इंच तरी उंच ठेवा. खाली झाडू फिरतो आणि वाळवीची मातीची रेघ चढू लागली की लगेच दिसते. पायाखाली जांभा नको, तो पाणी धरून ठेवतो. काळा दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. भिंतीपासून दोन इंच अंतर सोडा.

वरच्या फळीला पुढं उतार द्या आणि ती तीन बोटं बाहेर काढा. तिच्या खालच्या अंगाला कडेजवळ बारीक खाच मारली, की थेंब तिथंच गळतो, दारावर ओघळत नाही.

लाकूड पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून दाराच्या चौकटीतली फळी खाचेत सैल बसवायची, फेव्हिकॉलनं चिकटवायची नाही. मागच्या बाजूला वर आणि खाली भोकं पाडून जाळी लावा, हवा खेळती राहते. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या.

तेल किंवा रंग आतून-बाहेरून, दोन्हीकडून लावा. एकाच बाजूनं लावलं तर फळी वाकते. फळीची कापलेली टोकं आणि पायांचे तळ सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथं दोन हात जास्त द्या. जवसाचं तेल वापरलं, तर तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

शेवटचे पैसे देण्याआधी गटातल्या दोघींनी कपाट तपासा. आडवं करून पायांचे तळ बघा. स्क्रूला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर स्क्रू लोखंडाचा असू शकतो, सुताराला विचारा. दारं उघडून-मिटून बघा. आणि दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, तेलाचा एक हात द्यायचं काम गटाच्या वहीतच लिहून ठेवा.