निकालाच्या टक्क्यांमागील पट

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



निकालाचे दिवस आले की नारायणगाव, मंचर, ओतूर या बाजारपेठांतून शाळांचे फलक झळकू लागतात. शिष्यवृत्तीत इतके चमकले, निकाल इतके टक्के! त्या मुलांच्या कष्टांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु तोच फलक वाचून घरी परतलेला पालक गावच्या जिल्हा परिषद शाळेतून आपल्या मुलाचा दाखला काढतो, तेव्हा त्याने एक निवाडा केलेला असतो : ती शाळा चांगली, ही वाईट. असे चारसहा दाखले निघाले की वाडीवरच्या शाळेचा पट विसाखाली येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागविण्यात आले होते, हे आपणांस ठाऊक आहेच. तेव्हा फलकावरील आकडा बरोबर वाचला जातो की नाही, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते. सुदैवाने येथे लागणारे गणित प्राथमिक शाळेतलेच आहे.

समजा, एका खाजगी शाळेत चाळीस मुलांची तुकडी आहे. त्यांतील निवडक आठ मुले शिष्यवृत्ती परीक्षेला बसविली आणि सहा पात्र ठरली. निकाल पंच्याहत्तर टक्के. डोंगराकडेच्या एका द्विशिक्षकी शाळेत त्या वर्गात नऊच मुले. गुरुजींनी नऊही बसविली, चार पात्र ठरली. निकाल चव्वेचाळीस टक्के. फलक पहिल्या शाळेचा लागेल. आता भागाकार बसलेल्या मुलांऐवजी वर्गाच्या पटाने करून पाहा : पहिल्या शाळेचे पंधरा टक्के, दुसरीचे चव्वेचाळीसच! शिवाय नऊ मुलांच्या वर्गात परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला तरी निकाल अकरा टक्क्यांनी हलतो. अशा शाळेचा एका वर्षाचा आकडा घेऊन गुरुजींना सभेत उभे करणे हा न्याय नव्हे.

शिष्यवृत्ती परीक्षा मुळात ऐच्छिक आहे. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या योजनेचा हेतू हुशार मुले निवडण्याचा. शाळांची प्रतवारी लावणे हे तिचे काम कधीच नव्हते. प्रत्येक पेपरात किमान चाळीस टक्के गुण मिळविणारा 'पात्र' ठरतो, तर 'शिष्यवृत्तीधारक' ठरणे मंजूर संचांच्या संख्येवर अवलंबून असते. फलकांवर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी चौथी व सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला होऊ लागली. जिल्हा परिषदेच्या बहुतांश शाळा चौथीपर्यंतच असल्याने, चार वर्षे गुरुजींनी घडविलेले मूल पाचवीत खाजगी अनुदानित विद्यालयात गेले आणि त्याचे यश त्या विद्यालयाच्या नावे लागले. २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. म्हणून मधल्या वर्षांचे आकडे आधीच्या वा नंतरच्या आकड्यांशी ताडून 'दर्जा घसरला' किंवा 'सुधारला' असे म्हणता येणार नाही.

आता मुले कोठून येतात ते पाहू. या दोन तालुक्यांचा पूर्व भाग बागायती, तर पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी भाग. भात निघाले की पश्चिमेकडील कित्येक कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात. त्याच सुमारास विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी मजुरांचे तळ पडतात आणि त्यांची मुले हंगामापुरती जवळच्या शाळेत दाखल होतात. ती बहुधा जिल्हा परिषदेच्याच शाळेत येतात, कारण ही शाळा दाराशी आलेल्या मुलाला परत पाठवीत नाही. याउलट शुल्क आणि गाडीभाडे परवडणारा पालक घरीही अभ्यासाकडे पाहू शकतो. मग वर्षअखेरीस दिसणारा फरक शाळेचा किती आणि घराचा किती?

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न १८० गावांत तपासला. नुसते गुण पाहिले तर खाजगी शाळांची मुले पुढेच होती. त्यांनी खाजगी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या सरकारी शाळांतील मुलांची सोडत काढली. नाव निघालेल्यांचा खर्च योजनेतून झाला. सोडतीमुळे दोन्ही गटांतील घरे सारखी राहिली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : चार वर्षांनंतर तेलुगू व गणितात फरक आढळला नाही; हिंदीत मात्र खाजगी शाळांतील मुले सरस ठरली. त्याच वेळी खाजगी शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९९२ पासून शासनाच्या पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या 'चार्टर' शाळा निघाल्या. आपल्या अनुदानित शाळांच्या त्या दूरच्या नातलगच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २००९ मध्ये सारख्या परिस्थितीतील मुलांशी तुलना केली, तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उरलेल्या बरोबरीच्या निघाल्या. म्हणजे पाटीवरून शाळा ओळखता येत नाही.

राष्ट्रीय सर्वेक्षणांचाही आधार पुष्कळदा घेतला जातो. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या 'परख' सर्वेक्षणात देशभरातील ७४,२२९ शाळांतील सुमारे २१ लाख मुलांची पाहणी झाली. ही नमुना पाहणी आहे. ती पुणे जिल्ह्याचे चित्र देते. त्यावरून आंबेगाव तालुक्याविषयी किंवा एखाद्या वाडीच्या शाळेविषयी काही ठरविणे म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून आपल्या विहिरीचे पाणी मोजणे होय.

हे सांगताना जिल्हा परिषदेच्या शाळांच्या उणिवांवर पांघरूण घालण्याचा हेतू मुळीच नाही. तिसरीतील मुलाला साधा परिच्छेद वाचता येत नसेल, तर त्याला घरची गरिबी ही सबब पुरणार नाही. आणि अशी शाळा फलकाच्या आकड्यातून सापडतही नाही. मूल जूनमध्ये कोठे होते आणि मार्चमध्ये कोठे पोचले, यातूनच ती सापडते. पायाभूत व संकलित चाचण्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित अशा दोन्ही शाळांत होतात. शाळा व्यवस्थापन समितीने पुढील सभेत मुख्याध्यापकांकडे एवढेच मागावे : वर्गाचा पट, परीक्षेस बसलेली मुले, आणि त्याच मुलांचे पायाभूत चाचणीतील व वर्षअखेरचे गुण शेजारी शेजारी. एका वर्षाचे नको, निदान तीन वर्षांचे. त्याला लागून दाखल दिनांकाचा रकाना ठेवावा. ऊसतोडणीवरचे मूल डिसेंबरात आले असेल, तर त्याची पायाभूत चाचणी झालेली नसणारच. ती त्याच आठवड्यात घेऊन ठेवावी, आणि तळ हलताना त्याच्या पुढच्या शाळेसाठी ते गुण पालकाच्या हाती द्यावेत.